दुहेरीची सम्राज्ञी : एलिझाबेथ रायन

खेळाडूंची चरित्रे आपण वाचू लागलो म्हणजे बहुधा एकट्याने संपादिलेल्या विजयांच्याच कथा आपल्यापुढे येतात. अमुक मल्लाने अमुक मल्लास चीत केले, अमुक धावपटूने सर्वांना मागे टाकले, अशा वर्णनांनी आपले मन भारावून जाते. परंतु ज्या खेळात दोघांनी मिळून लढावयाचे असते, त्यात एकाच्या कीर्तीचे माप कसे करावयाचे? टेनिसच्या इतिहासात एक खेळाडू अशी होऊन गेली, की जिने विंबल्डनच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत एकोणीस अजिंक्यपदे मिळविली. आणि त्यांतील एकही तिने एकटीने मिळविलेले नव्हते. बारा अजिंक्यपदे महिला दुहेरीतील आणि सात मिश्र दुहेरीतील. ह्या असामान्य स्त्रीचे नाव एलिझाबेथ रायन. तिचे जीवन म्हणजे सहकार्याने मिळविलेल्या यशाची, आणि त्या यशाबरोबरच पचवाव्या लागलेल्या पराभवांचीही, एक उद्बोधक कथा आहे.

एलिझाबेथचा जन्म फेब्रुवारी १८९२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झाला. तिचे वडील मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी ते अमेरिकेस येऊन स्थायिक झाले होते. कॅलिफोर्नियाचे हवामान उबदार, आकाश बहुतेक वर्षभर निरभ्र. त्यामुळे मोकळ्या मैदानावरील खेळांस तेथे चांगलाच वाव मिळे. एलिझाबेथ व तिची बहीण ह्या दोघी लहानपणापासूनच टेनिस खेळू लागल्या. त्या काळी स्त्रियांनी पायघोळ झगे घालून, मोठ्या सावधपणे खेळावे अशी रीत होती. धावणे, उडी घेणे, चेंडूवर झडप घालणे ह्या गोष्टी स्त्रीला शोभत नाहीत असे पुष्कळांना वाटे. एलिझाबेथने मात्र आरंभापासूनच निराळा मार्ग धरला. तिची शरीरयष्टी भक्कम होती, आणि तिचा खेळही तसाच निर्भय होता.

तिच्या खेळाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी टेनिसच्या मैदानाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. हे मैदान ७८ फूट लांब असते. एकेरी सामन्यासाठी त्याची रुंदी २७ फूट, तर दुहेरीसाठी ३६ फूट धरतात. मधोमध जाळे असते व त्याची मध्यभागातील उंची ३ फूट असते. त्या काळच्या बहुतेक स्त्रिया मैदानाच्या अगदी मागच्या रेषेजवळ उभ्या राहून, चेंडूचा टप्पा पडल्यावर तो परतवीत. एलिझाबेथ मात्र जाळ्याजवळ धावून येई आणि टप्पा पडण्याआधीच चेंडू हवेतल्या हवेत परतवून लावी. शिवाय रॅकेटने चेंडू कापल्यासारखा फटका मारण्यात ती निष्णात होती. असा चेंडू टप्पा पडल्यावर वर उसळत नाही, जमिनीलगत घसरत जातो, आणि प्रतिस्पर्ध्याला वाकून तो उचलताना नाकी नऊ येतात. एकेरीत जाळ्याजवळ येण्यात धोका असतो, कारण पाठीमागचे सारे मैदान मोकळे पडते. दुहेरीत ते राखावयास जोडीदारीण असते. म्हणून एलिझाबेथचे गुण दुहेरीतच पूर्णपणे फुलले ह्यात नवल नाही.

सन १९१२ मध्ये ती इंग्लंडला आली आणि पुढे हीच तिची कर्मभूमी झाली. विंबल्डन येथे महिला दुहेरीची अजिंक्यपद स्पर्धा १९१३ साली सुरू झाली होती. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९१४ साली, अ‍ॅग्नेस मॉर्टन ह्या इंग्रज खेळाडूच्या जोडीने एलिझाबेथने ती जिंकली. त्या वेळी तिचे वय बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ती रशियाला गेली व तेथील महिला एकेरीचे अजिंक्यपदही तिने पटकाविले. झारच्या राजवटीतील ही शेवटचीच अजिंक्यपद स्पर्धा ठरली. महायुद्धाचा वणवा पेटण्याच्या सुमारास ती तेथून परतली. पुढे क्रांती झाली, ते साम्राज्यच लयास गेले, आणि त्याच्या अखेरच्या टेनिस-विजेत्यांच्या यादीत ह्या अमेरिकन युवतीचे नाव तेवढे उरले.

युद्धामुळे १९१५ ते १९१८ ही चार वर्षे विंबल्डनची स्पर्धा भरू शकली नाही. खेळाडूच्या आयुष्यातील ती ऐन उमेदीची वर्षे. १९१९ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा फ्रान्सहून वीस वर्षांची एक तरुणी तेथे आली. तिचे नाव सुझान लांग्लेन. पायांत नर्तकीची चपळाई, अचूक नेम आणि असामान्य आत्मविश्वास ह्यांच्या बळावर तिने पहिल्याच पदार्पणात एकेरीचे अजिंक्यपद जिंकले. दुहेरीत तिने जोडीदारीण म्हणून एलिझाबेथची निवड केली. मागच्या रेषेवरून सुझानने नेमके फटके मारून प्रतिस्पर्ध्यांना हैराण करावे, आणि त्यांनी कसाबसा परतविलेला चेंडू एलिझाबेथने जाळ्याजवळ टिपून निकाल लावावा, असा ह्या दोघींचा मेळ जमला. १९१९ च्या अंतिम सामन्यात पहिला सेट गमावूनही त्यांनी इंग्लंडच्या अनुभवी जोडीवर ४-६, ७-५, ६-३ अशी मात केली.

तेथून पुढे ही जोडी अजेय ठरली. १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे, आणि पुन्हा १९२५ साली, विंबल्डनचे महिला दुहेरीचे अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. १९२२ साली स्पर्धेचे स्थळ बदलले; वर्पल रोडवरील जुने मैदान अपुरे पडू लागल्याने चर्च रोडवर नवे विशाल क्रीडांगण बांधण्यात आले. मैदान बदलले, विजेत्या मात्र बदलल्या नाहीत. विंबल्डनमध्ये एकत्र खेळताना ह्या दोघींना एकही सामना गमवावा लागला नाही. १९२४ साली सुझान आजारी पडून तिने स्पर्धा सोडली, म्हणून त्या वर्षी खंड पडला, इतकेच.

परंतु दुहेरीत जी हात धरून विजयाकडे नेई, तीच सुझान एकेरीत एलिझाबेथपुढे भिंतीसारखी उभी राही. १९२१ साली दोघी एकेरीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या. सुझानने ६-२, ६-० असा तो सामना जिंकला. एवढा दारुण पराभव ज्या प्रतिस्पर्धिनीकडून पत्करावा, तिच्याच खांद्याला खांदा लावून त्याच स्पर्धेत लढावयाचे आणि तिच्याबरोबर विजयाचा करंडक उचलावयाचा, ही गोष्ट सोपी नव्हे. असूयेचा लवलेश जरी मनात राहिला तरी दुहेरीचा मेळ बिघडतो. एलिझाबेथने तो बिघडू दिला नाही. उलट १९२४ साली उपांत्यपूर्व फेरीत तिने सुझानकडून एक सेट ८-६ असा हिसकावून घेतला. सुझानविरुद्ध सेट जिंकणे हीदेखील त्या काळी मोठी वार्ता असे. तो सामना अखेर सुझाननेच जिंकला. पण आपली सहकारी केवळ सावली नाही, हे तिलाही कळून चुकले असेल.

१९२६ साली ह्या जोडीचा योग संपला. सुझानने फ्रेंच जोडीदारिणीबरोबरच खेळावे असा तिच्या देशातील टेनिस संघटनेचा आग्रह पडला. त्यामुळे ती दिदी व्लास्तो हिच्याबरोबर मैदानात उतरली. एलिझाबेथने आपल्याच देशाच्या मेरी ब्राउनला सोबत घेतले, आणि दैवयोग असा, की ह्या दोन जोड्यांची गाठ सुरुवातीच्याच फेरीत पडली. त्याच सुमारास सामन्यांच्या वेळेविषयी गैरसमज होऊन सुझान मैदानावर उशिरा आली होती व तिचा खेळ पाहण्यास आलेल्या राणी मेरीला तिष्ठत बसावे लागले होते. साऱ्या वृत्तपत्रांत तिच्यावर टीकेचा भडिमार चालू होता. अशा गढूळ वातावरणात तो सामना झाला. पहिला सेट सुझानच्या जोडीने ६-३ असा घेतला. दुसऱ्या सेटमध्येही एलिझाबेथची जोडी पराभवाच्या काठावर येऊन ठेपली होती. परंतु ती डगमगली नाही. तो सेट तिने ९-७ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ असा सहज जिंकला. सहा वेळा जिच्याबरोबर अजिंक्यपद जिंकले, तिलाच हरवून एलिझाबेथ पुढे गेली आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही तिनेच मिळविले. सुझानने ती स्पर्धा अर्ध्यावर सोडली व पुन्हा विंबल्डनच्या मैदानात ती कधीच खेळली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी विंबल्डनमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. पैसे घेऊन खेळणाऱ्यास धंदेवाईक म्हणत व त्यास ह्या स्पर्धांची दारे बंद होत. हजारो प्रेक्षक तिकिटे काढून येत, पण ज्यांचा खेळ पाहण्यासाठी ते येत त्यांना त्यातील एक पैही उघडपणे घेता येत नसे. ज्यांच्या घरी सुबत्ता असेल त्यांनाच ही हौस परवडे. १९२६ साली अमेरिकेतील सी. सी. पाइल ह्या व्यावसायिकाने हा पायंडा मोडला. त्याने सुझानला पन्नास हजार डॉलर्स देऊ करून अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले आणि तिची प्रतिस्पर्धी म्हणून मेरी ब्राउनची निवड केली. ऑक्टोबर १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे ह्या दौऱ्याचा प्रारंभ झाला. अशा रीतीने एलिझाबेथच्या दोन्ही जोडीदारिणी एकाच वर्षी धंदेवाईक झाल्या, आणि ती हौशी खेळाडूंच्या मेळाव्यात मागे राहिली.

१९२६ हेच वर्ष तिच्या आयुष्यातील सर्वांत कडू घोट घेऊन आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती महिला एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली. समोर होती बेचाळीस वर्षांची मोला मॅलरी. निर्णायक तिसऱ्या सेटमध्ये एलिझाबेथ ४-० अशी आघाडीवर होती. पुढे तर केवळ एकच गुण मिळाला असता तर अजिंक्यपद तिचे झाले असते. तो एक गुण तिला मिळाला नाही. मॅलरीने जिद्दीने झुंज देऊन ४-६, ६-४, ९-७ असा सामना जिंकला. मोठ्या स्पर्धेतील एकेरीचे अजिंक्यपद एलिझाबेथच्या इतक्या जवळ पुन्हा कधी आले नाही. तथापि त्याच वर्षी अमेरिकेतील महिला दुहेरी व मिश्र दुहेरी ह्या दोन्ही स्पर्धा तिने जिंकल्या. एकेरीतील निराशा तिने दुहेरीच्या मैदानावर येऊ दिली नाही.

सुझाननंतर टेनिसच्या क्षितिजावर हेलन विल्स हिचा उदय झाला. तीही कॅलिफोर्नियाचीच, वयाने एलिझाबेथपेक्षा तेरा वर्षांनी लहान, शांत आणि अत्यंत एकाग्र. १९२७ साली ह्या दोघींनी विंबल्डनची महिला दुहेरी जिंकली. १९३० साली इतिहासाची जणू पुनरावृत्तीच झाली. अडतीस वर्षांची एलिझाबेथ पुन्हा एकदा एकेरीच्या अंतिम सामन्यास पात्र ठरली, आणि समोर तिची जोडीदारीण हेलनच उभी होती. हेलनने ६-२, ६-२ असा सामना जिंकला. त्याच स्पर्धेत दोघींनी मिळून दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले. म्हणजे विंबल्डनच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात एलिझाबेथ दोनदा पोहोचली, आणि दोन्ही वेळा जिने तिला हरविले, तिच्याच सोबतीने ती त्या वर्षी दुहेरीत विजयी झाली. क्रीडाविश्वात असे उदाहरण विरळाच!

तिच्या जोडीदारांची नामावली पाहिली म्हणजे तिच्या गुणांची खरी ओळख पटते. महिला दुहेरीची बारा अजिंक्यपदे तिने पाच निरनिराळ्या खेळाडूंच्या सोबतीने मिळविली : अ‍ॅग्नेस मॉर्टन, सुझान लांग्लेन, मेरी ब्राउन, हेलन विल्स आणि सिमोन मॅथ्यू. मिश्र दुहेरीतही पाच पुरुष खेळाडू तिच्या जोडीला होते, आणि त्यांत अमेरिकेचा फ्रँक हंटर, दक्षिण आफ्रिकेचा पॅट्रिक स्पेन्स, ऑस्ट्रेलियाचा जॅक क्रॉफर्ड व स्पेनचा एन्रिके मायर अशा निरनिराळ्या देशांतील खेळाडूंचा समावेश होता. जोडीदार बदलला की खेळाची पद्धत बदलते. कोणी मागे राहणारा, कोणी पुढे झेपावणारा, कोणी रागीट, कोणी अबोल. ह्या सर्वांशी तिने जुळवून घेतले. एखादी जोडी जिंकली तर श्रेय कोणाचे, असा प्रश्न लोक नेहमी विचारतात. दहा जोडीदार बदलूनही विजय कायम राहिला, तर त्या दहांत समान असलेली व्यक्ती कोण, हे पाहिले म्हणजे ह्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

१९३३ व १९३४ साली फ्रान्सच्या सिमोन मॅथ्यूबरोबर तिने विंबल्डनची महिला दुहेरी पुन्हा जिंकली. त्याच दोन वर्षी पॅरिस येथील फ्रेंच स्पर्धेतही ह्या जोडीने विजय मिळविला. १९३४ मध्ये एलिझाबेथचे वय बेचाळीस वर्षांचे होते. पहिल्या विंबल्डन विजयास वीस वर्षे लोटली होती. त्यानंतर तिने हौशी खेळाडू म्हणून स्पर्धांतून निवृत्ती घेतली आणि टेनिसचे शिक्षण देण्याचा व्यवसाय पत्करला. म्हणजे अखेर तीही धंदेवाईक झाली. परंतु प्रदर्शनासाठी नव्हे, तर विद्यादानासाठी. आपल्या जुन्या सहकारी सुझानविषयी पुढील आयुष्यात बोलताना तिने सदैव गौरवाचेच उद्गार काढले. सुझान १९३८ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, निधन पावली.

रायनबाईंना मात्र दीर्घायुष्य लाभले. त्यांनी आपल्या डोळ्यांनी टेनिसचे सारे जग बदलताना पाहिले. १९६८ साली विंबल्डनने हौशी व धंदेवाईक हा भेद मोडून टाकला आणि सर्वांना दारे खुली केली. त्या वर्षी पुरुष एकेरीच्या विजेत्यास २,००० पौंड, महिला एकेरीच्या विजेतीस ७५० पौंड आणि महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीस, दोघींत मिळून, ५०० पौंड असे पारितोषिक ठेवण्यात आले. ज्या प्रकारात रायनबाईंनी बारा वेळा विजय मिळविला, त्याची ही पहिली उघड किंमत! स्त्रियांना पुरुषांइतकेच पारितोषिक मिळण्यास विंबल्डनमध्ये २००७ साल उजाडावे लागले. रायनबाईंचा गौरव उशिरा का होईना, पण झाला. १९७२ साली अमेरिकेतील टेनिसच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले.

त्या खुल्या स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी महिला दुहेरी जिंकणाऱ्या जोडीत बिली जीन किंग ही कॅलिफोर्नियाचीच खेळाडू होती. तिने एकेक अजिंक्यपद मिळवीत १९७५ साली रायनबाईंच्या एकोणीसच्या आकड्याशी बरोबरी केली. पुढची तीन वर्षे विसाव्या अजिंक्यपदाने तिला हुलकावणी दिली. १९७९ साली मार्टिना नवरातिलोवाच्या जोडीने ती महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत दाखल झाली. सत्त्याऐंशी वर्षांच्या रायनबाई नेहमीप्रमाणे विंबल्डनला उपस्थित होत्या. त्यांना आपल्या विक्रमाचा अभिमान होता आणि तो मोडलेला पाहण्याची त्यांची इच्छा नव्हती, हे सर्वांना ठाऊक होते. ६ जुलै १९७९ रोजी, स्पर्धा चालू असतानाच, त्या त्याच क्रीडांगणाच्या आवारात कोसळल्या व त्याच दिवशी त्यांची प्राणज्योत मालवली. दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, किंग व नवरातिलोवा ह्यांनी अंतिम सामना जिंकला आणि पंचेचाळीस वर्षे अबाधित राहिलेला तो विक्रम मोडला.

एकूण अजिंक्यपदांचा विक्रम गेला. परंतु महिला दुहेरीतील बारा अजिंक्यपदांचा त्यांचा विक्रम विंबल्डनमध्ये अद्याप कोणासही मोडता आलेला नाही. किंगला ह्या प्रकारात दहा, तर नवरातिलोवाला सात अजिंक्यपदे मिळाली. नवरातिलोवाने आपले एकूण विसावे विंबल्डन अजिंक्यपद २००३ साली मिश्र दुहेरीत मिळविले, तेव्हा तिच्या जोडीला होता गोमंतकीय घराण्यातील लिअँडर पेस. आणि ज्या महिला दुहेरीवर रायनबाईंनी आपली मुद्रा उमटविली, त्या स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत २०१५ साली आपल्या हैदराबाद नगरीत लहानाची मोठी झालेल्या सानिया मिर्झाचेही नाव कोरले गेले. स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसबरोबर खेळताना पहिला सेट गमावून, आणि तिसऱ्या सेटमध्ये २-५ असे मागे पडूनही, तिने ५-७, ७-६, ७-५ असा विजय मिळविला. विंबल्डनची महिला दुहेरी जिंकणारी ती पहिलीच भारतीय स्त्री होय.

विद्यार्थिमित्रांनो, एलिझाबेथ रायन एकेरीत श्रेष्ठपदी पोहोचू शकल्या नाहीत, हे खरे आहे. ते त्यांना सलत नसेल असेही नाही. त्यांनाही आपल्या विक्रमाचा मोह सुटला नव्हता, आणि ह्यातच त्यांचे माणूसपण आहे. परंतु जी आपल्याला जिंकते तिच्याशीही मनापासून सहकार्य करता येते, हे त्यांनी वीस वर्षे मैदानावर दाखवून दिले. आपल्या शाळेच्या खो-खोच्या अगर कबड्डीच्या संघात सर्वांनाच नायक होता येत नाही. वर्गातही पहिला क्रमांक एकाचाच असतो. अशा वेळी ज्याच्या मागे आपण राहिलो त्याच्याशी अबोला धरावा, की त्याच्या शेजारी उभे राहून संघासाठी झटावे, हा प्रश्न प्रत्येकापुढे कधी ना कधी येतो. रायनबाईंपुढे तो १९२१ साली आला, आणि पुन्हा १९३० साली आला. दोन्ही वेळा त्या रॅकेट घेऊन जोडीदारिणीच्या बाजूस जाऊन उभ्या राहिल्या.